जबड्यातला बेनामी स्क्रू

उंब्रज परिसरातला शेतकरी कागदाला पक्का आहे. सोयाबीनच्या बियाण्याची रिकामी पिशवी, तिचा टॅग आणि दुकानदाराचे पक्के बिल पीक पदरात पडेपर्यंत जपून ठेवा, असे कृषी खाते दर खरिपाला बजावते. उगवण फसली तर तक्रार त्याच कागदांवर उभी राहते, हे त्याला अनुभवाने ठाऊक आहे. उसाची खेप कारखान्याच्या काट्यावर गेली की वजनाची पावती येते, डेअरीत दूध घातले की फॅटची चिठ्ठी येते, आणि त्यात थोडा जरी फरक वाटला तरी माणूस हिशेब विचारायला उभा राहतो. परंतु याच माणसाच्या जबड्याच्या हाडात जो धातूचा स्क्रू तो जिवंत असेपर्यंत राहावा म्हणून बसवला जातो, त्याचा कागद किती घरांत सापडेल? कंपनी कोणती, उत्पादनाचा गट कोणता, जाडी-लांबी किती, बसवला कधी, बसवणाऱ्याचा नोंदणी क्रमांक काय, यांपैकी एकाही प्रश्नाचे लेखी उत्तर हाती नसताना माणसे हजारो रुपये मोजून दवाखान्याची पायरी उतरत आहेत. स्वस्त दंतारोपणाचे खरे संकट या निनावीपणात दडलेले आहे. हाड झिजायला वर्षे लागतात, म्हणून आज त्याची झळ जाणवत नाही. जाणवेल त्या दिवशी जबाब मागायला समोर कोणी उरलेले नसेल.

कृष्णा-तारळीच्या संगमावरचे उंब्रज ही चाफळ, तारळे, पाल, चरेगाव या टापूची बाजारपेठ. पुणे-बंगळूर महामार्ग गावातूनच जात असल्याने कराड आणि साताऱ्याचे दवाखाने येथल्या माणसाला एका एसटीच्या अंतरावर आहेत, आणि पुणे-कोल्हापूरही फार लांब नाही. उसाचे बिल बँकेत जमा झाले की घरातल्या अडलेल्या कामांची यादी निघते. छपराचे पत्रे, मोटारीची दुरुस्ती, मुलीची फी. आणि वर्षानुवर्षे मागे पडलेले आईवडिलांचे दात. भाकरी दुधात कुस्करून गिळणाऱ्या बापाला पुन्हा कणसाचा दाणा चावता यावा, असे ज्या मुलाला वाटते त्याला दोष कोण देईल? त्याला चौकातला फलक दिसतो: फिक्स दात, ७२ तासांत, हप्त्यांची सोय, आयुष्यभराची गॅरंटी. कोणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचे मोफत दंततपासणी शिबिर भरते, तेथे तोंडात आरसा फिरवून चिठ्ठी दिली जाते आणि चिठ्ठीवर पुढच्या दवाखान्याचा पत्ता असतो. रुग्ण ओढण्यासाठी जाहिरात करणे दंतवैद्यकाच्या २०१४ च्या सुधारित आचारसंहितेने अनैतिक ठरवले आहे. ती संहिता ज्यांनी राबवायची, ते याच फलकांखालून रोज ये-जा करतात.

हे शास्त्र घाईतून जन्मलेले नाही. १९५२ मध्ये स्वीडनमधील पेर-इंग्वार ब्रोनेमार्क सशाच्या हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होते. हाडात बसवलेले टायटॅनियमचे छोटे उपकरण प्रयोगाअंती काढायला गेले, तेव्हा ते निघेना. हाडाने धातूला आपल्यात सामावून घेतले होते. या एका निरीक्षणाच्या मागे ते तेरा वर्षे राहिले आणि १९६५ मध्ये योस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात पहिले रोपण केले. जगाच्या दंतवैद्यकाने ही पद्धत खऱ्या अर्थाने स्वीकारली ती १९८२ च्या टोरोंटो परिषदेनंतर. लार्सन २००६ मध्ये वारले, तेव्हा ते दात चाळीस वर्षांनंतरही कामात होते. ब्रोनेमार्क यांच्या मूळ पद्धतीत खालच्या जबड्यात सुमारे तीन महिने आणि वरच्या जबड्यात सहा महिने स्क्रूवर कोणताही भार न देता थांबायचे असे. तत्काळ दात देण्याचे तंत्र पुढे विकसित झाले आणि ते खोटे नाही. परंतु हाडाची घनता, स्क्रूची पकड आणि चावण्याची ठेवण तपासून एकेका रुग्णापुरता अनुभवी हाताने घ्यायचा तो निर्णय आहे. तो फलकावर रंगवून सबंध तालुक्याला सरसकट लागू करणे म्हणजे नाडी न पाहता औषध वाटणे होय.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत गुणवत्ता कोठे असते आणि काटछाट कोठे होते, हे समाजाने नीट समजून घेतले पाहिजे. हाडाला भोक पाडताना घर्षणाने उष्णता होते. ती ४७ अंश सेल्सिअसवर मिनिटभर राहिली तरी हाडाची हानी होते, हे स्वीडनमधील संशोधकांनी १९८३ मध्येच दाखवून दिले. म्हणून ड्रिल धारदार लागते, त्यावर निर्जंतुक सलाईनची धार अखंड लागते आणि हात सावकाश चालावा लागतो. बोथट झालेले ड्रिल बदलले नाही, तर त्या दिवशी कोणालाच काही कळत नाही. जखम भरते, टाके निघतात, पैसे चुकते होतात. काही महिन्यांनी जिभेला स्क्रू हलल्यासारखा वाटतो. तोवर ड्रिलचे कारण कोणाच्या स्मरणातही नसते आणि दोष रुग्णाच्या हाडाला दिला जातो.

दर्जेदार स्क्रू येतो तो मोहोरबंद नळीत. नळीवर चिकटवलेले लेबल असते: उत्पादकाचे नाव, मालाचा क्रमांक, उत्पादनगटाचा क्रमांक, व्यास आणि लांबी, निर्जंतुकीकरणाची खूण, वापरण्याची अंतिम तारीख. बऱ्याच कंपन्या हे लेबल सोलून काढता येईल असे दोन-तीन प्रतींत देतात. एक दवाखान्याच्या नोंदीसाठी, एक रुग्णासाठी. अंगठ्याच्या नखाएवढा तो कागद. तो सोलून रुग्णाच्या फाइलवर चिकटवायला अर्धे मिनिट पुरते आणि दमडीचा खर्च येत नाही. तरीही तो कचऱ्याच्या डब्यात जात असेल, तर निष्काळजीपणा एवढेच कारण पुरत नाही. नाव सांगण्याजोगे नसल्याखेरीज ते कोणी लपवील कशाला?

एकाच दातासाठी एका दाराशी साधारण पंधरा हजार आणि दुसऱ्या दाराशी पन्नास हजार सांगितले जातात, तेव्हा स्वस्ताई कोठून येते हा प्रश्न विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे. ती नफा कमी घेण्यातून येऊ शकते, देशी परवानाधारक उत्पादकाचा माल वापरण्यातून येऊ शकते, शिक्षणसंस्थेच्या रुग्णालयातून येऊ शकते. तिचे स्वागतच असो. पण ती त्रिमिती स्कॅन टाळून साध्या क्ष-किरण चित्रावर भागवण्यातूनही येते. एकदाच वापरायच्या वस्तू पुन्हा वापरण्यातून येते, दोन-तीन दिवसांच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र भिंतीवर लावून थेट माणसाच्या जबड्यावर हात बसवण्यातून येते, बिलाशिवाय आलेल्या मालातून येते. फलकावर एक आकडा लिहिलेला असतो आणि त्यात नेमके काय धरले आहे हे मात्र कोठेच लिहिलेले नसते. स्क्रू धरला, पण त्यावरचा जोडभाग आणि कॅप वेगळी. कॅप धरली, पण पुढची तपासणी वेगळी. सहाव्या फेरीला हिशेब मांडला तर स्वस्त दर आणि वाजवी दर यांतले अंतर बरेचसे बुजलेले असते. महागाई म्हणजे गुणवत्ता असेही कोणी समजू नये. गुळगुळीत फरशी आणि वातानुकूलित बैठक यांचे पैसे जबड्याच्या कामात धरून घेणारे दवाखाने शहरांत आहेत. दर कोणताही असो, लेबल आणि तपशीलवार बिल यांची मागणी दोघांकडे सारखीच केली पाहिजे.

या भागातल्या मुखाची अवस्था हा चिंतेचा आणखी एक थर. तव्यावर भाजलेल्या तंबाखूची मिसरी सकाळ-संध्याकाळ हिरड्यांवर घासणाऱ्या आयाबाया कृष्णाकाठच्या गावांत आजही आहेत. पुरुषांच्या खिशात तंबाखू-चुन्याची डबी आहे. २०१२ पासून राज्यात बंदी असलेला गुटखा कोठे मिळतो हे शाळकरी मुलालाही माहीत आहे. २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करणारे आढळले आणि त्यांतले बहुसंख्य ती तोंडात धरणारे होते. त्यात आटोक्यात नसलेल्या मधुमेहाची भर पडली की रोपणाभोवतीचे हाड टिकण्याची शक्यता आणखी घटते. दैनंदिन स्वच्छता न राखणाऱ्या, तंबाखू न सोडणाऱ्या, साखरेची तपासणी न केलेल्या रुग्णाला ‘आधी हे सावरा, मग या’ असे सांगून परत पाठवणे, हे चांगल्या दंतवैद्याचे पहिले कर्तव्य. परत पाठवलेल्या रुग्णाकडून मात्र पैसे मिळत नाहीत. ज्या दवाखान्याचे गणित संख्येवरच उभे आहे, तो कोणालाही परत पाठवणार नाही, आणि अपयशाचा भार अशा रीतीने सर्वांत दुबळ्या हिरड्यांवर जाऊन पडेल.

फसलेले रोपण म्हणजे गेलेला दात नव्हे. दात पडला तर खड्डा भरून येतो. स्क्रूभोवती जंतुसंसर्ग झाला तर हिरडी सुजते, दाबल्यावर पू येतो, तोंडाला वास येतो, आणि क्ष-किरण चित्रात स्क्रूच्या करड्या आट्यांभोवती काळी कडा दिसू लागते. ती कडा म्हणजे नाहीसे झालेले हाड. नैसर्गिक दाताभोवती जे संवेदनशील तंतू असतात ते रोपणाभोवती नसतात, म्हणून पुष्कळदा दुखणे उशिरा सुरू होते आणि माणूस उशिरा येतो. मग तो स्क्रू काढताना आणखी हाड जाते. नव्या रोपणाला पुरेसे हाड उरत नाही, हाड भरण्याची स्वतंत्र शस्त्रक्रिया लागते, पुन्हा महिनोन्‌महिने थांबावे लागते, आणि हा सारा खर्च पहिल्या खर्चाच्या कितीतरी पुढे जातो. खालच्या जबड्यातून जाणाऱ्या नसेला ड्रिल लागले तर ओठ आणि हनुवटी बधिर होतात, आणि काही रुग्णांत ती बधिरता कायमची राहते. अशा माणसाला आमटीचा ओघळ हनुवटीवरून शर्टावर उतरला तरी कळत नाही. पंगतीत तो भिंतीकडे तोंड करून जेवू लागतो. बिलात या रकान्याची किंमत कोणी लिहिलेली नसते.

याहूनही मोठा धोका सर्व काही सुरळीत झालेल्या रुग्णाला आहे, आणि त्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. रोपण टिकले, हाड धरले, माणूस आठ वर्षे जेवला. मग आतला जोडस्क्रू सैल झाला किंवा तुटला. प्रत्येक कंपनीच्या जोडणीची ठेवण वेगळी, मापे मायक्रोनमधली, पुष्कळदा फिरवण्याची हत्यारेही वेगळी. कंपनी ठाऊक असली तर हे तासाभराचे काम आहे. ठाऊक नसली तर कराड-सांगलीचा निष्णात तज्ज्ञही क्ष-किरण चित्रावरून अंदाज बांधत बसतो, आणि सुटा भाग मिळालाच नाही तर हाडात घट्ट बसलेला, निरोगी स्क्रू कापून काढावा लागतो. नामांकित उत्पादक वर्षानुवर्षे सुटे भाग पुरवतात. त्या पुरवठ्याची हमी किमतीत धरलेली असते. दोन वर्षे माल विकून गाशा गुंडाळणाऱ्या आयातदाराच्या किमतीत ती नसते. ‘आयुष्यभराची गॅरंटी’ देणारा दवाखाना स्वतः किती वर्षे त्या गाळ्यात राहणार आहे, हे तरी भाडेकरारात पाहावे.

निर्जंतुकीकरणाची काटछाट काय करू शकते याचा पुरावा फार लांब नाही. तमिळनाडूतील वाणियंबाडी येथे २०२३ मध्ये एका दंतदवाखान्याशी संबंधित दहा रुग्णांच्या मेंदूपर्यंत मेलिऑइडोसिस हा जीवाणूसंसर्ग पोहोचला आणि त्यांतले आठ दगावले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या तज्ज्ञांनी माग काढला तो सलाईनच्या एका बाटलीपर्यंत. वापरलेल्या उपकरणाने बाटली उघडायची, सैल झाकायची आणि तीच पुढच्या रुग्णाला वापरायची, ही तेथली पद्धत होती. वाचले ते बाटलीमागे काही रुपये. तेथे निदान माग निघाला, कारण मृत्यू एकापाठोपाठ एक झाले. हाडाची झीज अशी एका आठवड्यात बातमी होत नाही. ती शंभर गावांत विखुरलेली असते, आणि विखुरलेल्या हानीला सरकारी दप्तरात रकाना नाही.

नोंद नसली की काय होते, हा धडा देशाला खुब्याच्या सांध्याने शिकवलेला आहे. जॉन्सन अँड जॉन्सन समूहातील डीप्यू कंपनीचा एएसआर हा कृत्रिम सांधा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवण्यात आला. भारतात त्याच्या सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. केंद्राने नेमलेल्या समितीपुढे आले ते असे, की त्यांपैकी जेमतेम १,०८० रुग्णांचाच माग लागला. उरलेली माणसे सदोष धातू शरीरात घेऊन कोठे राहिली, कोणाला कळले नाही. त्या शस्त्रक्रिया मोठ्या रुग्णालयांत, दाखल करून, पक्क्या कागदपत्रांनिशी झाल्या होत्या. मग दुपारी येऊन संध्याकाळच्या एसटीने तारळ्याला परतणाऱ्या दंतरुग्णाचा माग उद्या कोणते खाते काढणार?

कायदे नाहीत असे नाही. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू आहेत. १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधाच्या व्याख्येत आली. उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम जुलै २०१५ पासून गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाकडून चालतो. हृदयाच्या स्टेंटला फेब्रुवारी २०१७ मध्ये आणि गुडघ्याच्या सांध्याला त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये किमतीची कमाल मर्यादा घातली गेली; दंतारोपणाकडे त्या वेळी कोणी पाहिले नाही आणि नंतरही नाही. दवाखान्यांच्या नोंदणीचा केंद्राचा २०१० चा कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही, आणि राज्याचा १९४९ चा शुश्रूषागृह कायदा रुग्ण दाखल करून घेणाऱ्या संस्थांसाठी आहे. दंतवैद्यकाच्या १९४८ च्या कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय दंत आयोग कायदा २०२३ मध्ये संमत झाला. आयोगाने पाटी बदलण्यापलीकडे काय करायचे, याचे उत्तर उंब्रजच्या बाजारपेठेत येऊन शोधावे. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केले. पण ग्राहक आयोगापुढे जायचे तर हातात बिल हवे, आणि येथे आपण पुन्हा त्याच कोऱ्या फाइलपाशी येतो.

म्हणून अन्न व औषध प्रशासनाने सातारा-सांगलीत रोपणाचा माल विकणाऱ्यांच्या खरेदी-विक्रीच्या वह्या तपासाव्यात, आणि ज्या मालाची साखळी उत्पादकापर्यंत जुळत नाही तो जप्त करावा. महाराष्ट्र राज्य दंत परिषदेने एका परिपत्रकाने प्रत्येक नोंदणीकृत दंतवैद्याला बंधन घालावे: स्क्रूचे लेबल, तारीख, नोंदणी क्रमांक आणि मराठीतले संमतिपत्र रुग्णाच्या हाती दिल्याशिवाय पैसे घ्यायचे नाहीत. युरोपीय संघाच्या २०१७ च्या नियमावलीने शरीरात बसवलेल्या उपकरणाचे कार्ड रुग्णाला देणे सक्तीचे केले. युरोपातल्या रुग्णाचा जो हक्क, तो चाफळच्या रुग्णाचा का नसावा? पदवीविना बाजाराच्या दिवशी तारेने आणि रसायनाच्या गोळ्याने शेजारच्या दातांना ‘फिक्स’ दात चिकटवणाऱ्यांवर खटले भरायला नव्या कायद्याची गरजच नाही; १९४८ पासून तो गुन्हा आहे.

आणि ज्याला रोपण परवडत नाही किंवा सोसवत नाही, त्याच्यासाठी चांगली कवळी सरकारी रुग्णालयात मिळाली पाहिजे. कवळीला कमीपणा आणण्याचे काम बाजाराने केले. शास्त्राने केलेले नाही. नीट माप घेऊन बसवलेली कवळी निकृष्ट स्क्रूंपेक्षा केव्हाही बरी. सगळे दात गेलेल्यांसाठी तज्ज्ञांनी २००२ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जे निवेदन केले, त्यात खालच्या कवळीला दोनच रोपणांचा आधार पुरेसा मानला होता. दहा-बारा स्क्रू ठोकण्याचा आग्रह कोणाच्या हिताचा, हे रुग्णाला समजावून सांगणारा माणूस कराडच्या वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालयात आणि साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात बसलेला हवा, त्याच्या शेजारी कवळी बनवणारा तंत्रज्ञ हवा, आणि दोघांच्या पगाराची तरतूद येत्या अर्थसंकल्पात हवी.

मंत्रालय हलेपर्यंत थांबण्याचे मात्र कारण नाही. कराडच्या कृष्णा विद्यापीठात दंतमहाविद्यालय आहे, सांगलीत भारती विद्यापीठाचे आणि वसंतदादा पाटलांच्या नावाचे अशी दोन आहेत. बाहेर फसलेली रोपणे निस्तरण्यासाठी रुग्ण अखेर अशाच ठिकाणी येतात. या तीन महाविद्यालयांनी उद्याच सकाळी एकेक वही उघडावी आणि काढलेल्या प्रत्येक रोपणाची ओळ तीत लिहावी: तारीख, रुग्णाचे गाव, बसवल्याचे वर्ष, काढण्याचे कारण, कंपनीचे नाव. शेवटच्या रकान्यात ‘अज्ञात’ हा शब्द किती वेळा लिहावा लागतो ते मोजून, वर्षअखेरीस तो आकडा दोन्ही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवावा.